चिखल रिकामा नसतो

शाळेतल्या मुलांनी तिचं नाव खारीबाई ठेवलं होतं, आणि त्याला कारण तिचीच एक खोड. नवा वर्ग हाती आला की पहिल्या तासाला ती टेबलावर तीन पेले मांडायची. एकात विहिरीचं पाणी, एकात खाडीचं, एकात समुद्राचं. "बोट बुडवा, जिभेला लावा आणि सांगा, कुठलं कुठलं." मुलं तोंडं वेडीवाकडी करत, कुणी थुंकायला खिडकीकडे पळे, आणि गोंधळ शमला की ती फळ्यावर 'क्षारता' हा शब्द लिहायची. शब्द आधी जिभेवर आला पाहिजे, मग फळ्यावर, असा तिचा हट्ट. टोपणनाव कानावर आलं तेव्हा ती रागावली नाही. रागवायला तिच्याकडे त्याहून चांगली कारणं पुष्कळ होती.

पहिलं कारण शाळेची प्रयोगशाळा. ती म्हणजे एक लोखंडी कपाट. खाऱ्या वाऱ्याने त्याचं कुलूप आतून धरलं होतं, त्यामुळे उघडायचं तर दाराच्या खालच्या कोपऱ्यावर लाथ घालावी लागे. लाथ नेमकी कुठे घालायची ते फक्त तिला आणि शिपायाला ठाऊक. आत एक सूक्ष्मदर्शक होता. त्याच्या भिंगाला बुरशी लागून इतका काळ लोटला होता की त्यातून कांद्याची साल बघा, केस बघा नाहीतर माशीचा पाय, सगळं कोळ्याच्या जाळ्यासारखंच दिसे. दुसरं कारण पाठ्यपुस्तक. त्यात बर्फाच्या नद्यांना चार पानं होती, वाळवंटाला तीन, आणि ज्याचा आवाज वर्गात तिच्या आवाजावर चढत होता त्या समुद्राला अर्धं पान, तेही चित्रासकट. तिसरं कारण ती कुणाला सांगत नसे. शाळेतली जी मुलं खेकड्याचं बीळ बघून नर की मादी ते सांगायची, ती परीक्षेत विज्ञानातच नापास व्हायची, आणि घरी जाऊन म्हणायची, "आम्हाला विज्ञान जमत नाही."

हे आपल्यालाच नीट शिकवता येत नाही, असं तिला वाटे. म्हणून ती दरवर्षी हेडसरांच्या खोलीत जाऊन उभी राही. "सर, आम्हाला कुणीतरी शिकवायला पाहिजे. नवी उपकरणं, नव्या पद्धती. मी कॉलेजात जे शिकले ते आता माझ्याइतकंच जुनं झालंय."

हेडसर चष्म्यावरून बघत. "बाई, तुम्ही शिकवायचं असतं. शिकायचं काम मुलांचं."

तिचं शिक्षण झालं ते चिखलाच्या जोरावर. शाळेच्या मागे, बांधापलीकडे, ओहोटीला समुद्र मागे सरला की चिखलाचा एक मोठा पट्टा उघडा पडे. तिची आई त्या पट्ट्यात वाकून शिंपल्या गोळा करायची आणि बाजारात विकायची. आईची कंबर धरली तेव्हा दोन मुलींपैकी एकीने टोपली उचलायची, हे ठरलंच होतं. मोठीने उचलली. धाकटीचे पाय कोरडे राहिले, ते शाळेत पोचले, कॉलेजात पोचले आणि मास्तरीण होऊन परत आले. मोठी अजूनही रोज ओहोटीला बांध उतरायची. खारीबाई तिला ताई म्हणे. ताई तिला लाडात असली तर पोरी म्हणे आणि रागात असली तर मास्तरीणबाई.

मग एके वर्षी खरंच निधी आला. किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना विज्ञान, तंत्रज्ञान आणि पर्यावरण शिकवायला कुठल्याशा मोठ्या संस्थेने पैसा दिला होता. हेडसरांनी बातमी अशा आवाजात वाचून दाखवली, जणू तो त्यांच्याच खिशातून आला होता. खारीबाईने त्या संध्याकाळी नवे सँडल घेतले. तिचा नवरा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. हात पुसत तो सँडलकडे बघत राहिला.

"अगं, प्रशिक्षणाला निघालीस की लग्नाला?"

"गप्प बसा. पहिल्यांदाच कुणीतरी मला काही शिकवणार आहे."

"मी इतकी वर्षं शिकवतोय ते?"

"तुम्ही शिकवत नाही. तुम्ही फक्त पाना कुठे ठेवला ते विचारता."

प्रशिक्षण शहरातल्या हॉटेलात होतं. हॉलच्या एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेपलीकडे समुद्र. पण काचेवर जाड पडदे ओढलेले, आणि आत इतकी थंडी की किनाऱ्यावरून आलेल्या बाया पहिल्याच तासाला खांदे आखडून बसल्या. प्रशिक्षक तरुण होता, हसरा होता, त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि कानामागे माइक. तो म्हणाला, "सगळ्यांनी डोळे मिटा, आणि समुद्राची कल्पना करा."

"सर," खारीबाई म्हणाली, "पडदा सरकवला तर कल्पना करायचा त्रास वाचेल."

हॉल हसला. प्रशिक्षकही हसला. तो वाईट माणूस नव्हता. "उजेड आला तर स्लाइड दिसत नाहीत, मॅडम."

मग दोन दिवस उंटावरून शेळ्या हाकणं चाललं. भरती का येते, त्याची स्लाइड. किनारा म्हणजे काय, त्याची स्लाइड. मधल्या सुट्टीत जिन्यात उभ्या राहून बाया एकमेकींच्या खांद्यावरून खालचं पाणी बघत आणि सवयीने म्हणत, "उतरतंय." पलीकडच्या गावच्या शाळेतली बाई खारीबाईच्या शेजारी बसायची. ती कानाशी लागून म्हणाली, "जेवण चांगलं आहे पण." दोघी तोंडावर हात धरून हसल्या. रागाला जेवणाची फोडणी मिळाली की तो जरा गिळवतो.

तिसऱ्या दिवशी मात्र एक म्हातारी प्राध्यापिका आली. तिने पडद्याकडे बघितलं नाही, माइककडे बघितलं नाही. हातातली तारेची चौकट वर धरली आणि सगळ्यांना खाली हॉटेलच्या गाड्या लावायच्या जागेत घेऊन गेली. "पाठमोऱ्या व्हा. चौकट खांद्यावरून मागे फेका. जिथे पडेल तिथे, चौकटीच्या आत जे आहे ते मोजा. फक्त तेवढंच." बाया खडीवर बसून सिगारेटची थोटकं, बाटल्यांची बुचं आणि मुंग्या मोजू लागल्या. म्हातारी त्यांच्यामधून फिरत होती. "बघून फेकायची नाही. आपल्याला आवडेल ती जागा निवडली की उत्तरही आपल्याला आवडेल तेच येतं. असं झालं की त्याला मोजणं म्हणत नाहीत, त्याला जाहिरात म्हणतात."

त्या उन्हात, खडीवर गुडघे टेकून बसलेल्या खारीबाईला हुंदका येतो की काय असं झालं. इतकी साधी गोष्ट होती. एक तार, एक चौकट. हे तिला कुणी आधी का सांगितलं नव्हतं? जी मुलं खेकड्याचं बीळ ओळखतात त्यांच्या हातात ही चौकट दिली असती तर? म्हातारीला दुपारच्या आत परत जायचं होतं. तिच्यासाठी वेळापत्रकात एकच तास होता. स्लाइडसाठी बाकीचे सगळे.

शेवटी अट सांगितली गेली. प्रत्येक शिक्षिकेने आपल्या वर्गाला घेऊन किनाऱ्यावर खारफुटीची रोपं लावायची. वर्षअखेरीच्या आत. फोटो पाठवायचे. फोटो आले की प्रशिक्षण पूर्ण झालं असं धरलं जाईल, आणि ज्यांचं पूर्ण झालं त्या शाळा दुसऱ्या टप्प्यात सूक्ष्मदर्शकांना पात्र ठरतील. नवे सूक्ष्मदर्शक. आत दिवा असलेले. वर्गाला सहा.

रोपं लावायच्या दिवशी प्रशिक्षक स्वतः गावात आला. बांधाच्या डाव्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी खारफुटीची जुनी रांग होती. तिच्या मागच्या बाजूला, उंचवट्यावर, पडलेल्या झाडांमुळे जागा मोकळी झाली होती. खारीबाईने मुलांना तिकडे वळवलं. प्रशिक्षकाने नकाराची मान हलवली आणि शाळेमागच्या उघड्या चिखलाकडे बोट केलं.

"इथे, बाई."

"इथे पाणी फार वेळ उभं राहतं, सर. रोपं गुदमरतील. इथे आजवर एकही झाड आपणहून आलेलं नाही, ते काय आळसाने?"

त्याने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला माहीत आहे, बाई. वरही पुष्कळांना माहीत आहे. पण तिकडे झाडांत झाडं लावली तर फोटोत दिसत नाहीत. इथे कसं, रोपांची रांग, मागे समुद्र, पुढे मुलं. पुढच्या वर्षीचा पैसा याच फोटोंवर येतो. तुमचेच सूक्ष्मदर्शक आहेत त्यात."

तिने उंचवट्याकडे एकदा बघितलं. त्या क्षणात काय काय मावलं, ते तिने नंतर पुष्कळदा उलगडून बघितलं. लाथ घालायचं कपाट होतं त्यात. बुरशीचं भिंग होतं. सहा नवी यंत्रं ओळीने टेबलावर मांडलेली होती, आणि त्यांवर वाकलेली डोकी होती. मग ती मुलांकडे वळून म्हणाली, "चला, इथे."

खड्डे खणायला गावातल्याच बायांना मजुरी मिळाली. त्यांत ताईही होती. अर्धा पट्टा रोपांनी भरला. प्रत्येक रोपाला आधाराची काठी, आणि पायदळी जाऊ नयेत म्हणून सभोवार जाळं. फोटो सुरेख आले. एक तर संस्थेच्या भिंतीवरच लागला म्हणे.

रोपं उन्हाळ्याआधीच गेली. आधी पानं काळवंडली, मग देठ लोंबले, मग भरतीने एकेक उपटून नेलं. काठ्या मात्र राहिल्या. त्यांच्यावर खडकावर वाढतात तशी बारीक धारदार कवचं चढली. लाटांनी बऱ्याच काठ्या मोडल्या, पण चिखलाच्या खाली बुंधे तसेच उभे राहिले, कवचांसकट, दिसेनासे. जाळ्यात गाळ अडकून अर्ध्या पट्ट्यातल्या शिंपल्या गुदमरल्या. सगळ्या बाया उरलेल्या अर्ध्यात गर्दी करू लागल्या, आणि जागेवरून भांडणं होऊ लागली. जिला फार घाई ती जाळ्याच्या आत शिरायची.

ताई शिरली, आणि एक बुंधा तिच्या तळव्यात गेला.

खारीबाई धावत गेली तेव्हा ताई स्वयंपाकघरात उंबऱ्याला टेकून बसली होती, पाय पाटावर, खाली पसरलेलं फडकं लाल. चूल विझलेली. ताईने मान वर केली नाही.

"या, मास्तरीणबाई. तुमचं पर्यावरण माझ्या तळव्यात घुसलंय. काढून देता का?"

"दवाखान्यात चल."

"जाऊन आले. त्यांनी विचारलं, काय लागलं? मी म्हटलं, झाड. म्हणाले, कुठलं झाड? मी म्हटलं, लागलं ते लागलं, उगवलं नाही कधी."

खारीबाई खाली बसली. फडकं उचलून बघू लागली. तिच्यावर कुणीतरी ओरडायला हवं होतं, आणि ताई ओरडत नव्हती. मग तीच ओरडली. "खड्डे तूही खणलेस, ताई!"

"खणले की." ताईने आता पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "मी मजुरीला खणले. तू कशाला खणलेस?"

याला उत्तर होतं, ते आत दिवा असलेल्या सहा सूक्ष्मदर्शकांचं होतं, आणि अजून आलेलंही नव्हतं.

जखम चिघळली. ताईचं बांध उतरणं बंद झालं. आणि नेमक्या त्याच दिवसांत, वरातीमागून घोडं यावं तसा, दुसरा टप्पा आला. हेडसरांनी खारीबाईला बोलावून घेतलं. खोलीत संस्थेच्या मॅडम बसल्या होत्या. गोड आवाज, डोक्यावर सरकवलेला काळा चष्मा, हातात फोन. त्यांनी उभं राहून खारीबाईचे दोन्ही हात धरले.

"तुमच्याबद्दल फार ऐकलंय! आम्ही तुमच्यावर एक छोटी फिल्म करणार आहोत. आदर्श शिक्षिका. ती देणगीदारांना दाखवली की सगळ्या किनाऱ्याच्या प्रशिक्षणाला पुन्हा पैसा मिळेल."

"रोपं मेली," खारीबाई म्हणाली.

"हो, काही टक्के जातातच. म्हणून तर आता उरलेला भाग घ्यायचा आहे." मॅडमनी फोन पुढे केला. नकाशावर शाळेचं छप्पर होतं, बांध होता, आणि त्यापलीकडे राखाडी रंगाचा एक कोरा तुकडा. "ही बघा, ही सगळी रिकामी जागा."

खारीबाईने तो तुकडा बघितला. तिच्या आईची कंबर त्यात मोडली होती. गावातल्या अर्ध्या चुली त्यावर पेटत होत्या. "ती रिकामी नाही, मॅडम."

"तिथे काही आहे का? घर वगैरे?"

"घर नाही."

"मग!" मॅडम हसल्या. मनापासून हसल्या. हेडसरही हसले, आणि मॅडम गाडीकडे गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, एक वाक्य. 'या प्रशिक्षणाने माझी शाळा बदलली.' संपलं. जिभेला काय हाड आहे? सहा सूक्ष्मदर्शक येतायत. इतकी वर्षं माझ्या डोक्याशी तुम्हीच कटकट केलीत ना?"

"उरलेला चिखलही जाईल, सर."

"चिखलच ना? सोनं तर नाही?"

ती घरी न जाता नवऱ्याच्या कामाच्या शेडमध्ये गेली. तो एका उघड्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

"जाड तार आहे का? वाकवली की वाकलेली राहील अशी?"

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि इंजिन सोडून तार शोधायला गेला. "कुणाची मान अडकवायचीय?"

"अजून ठरलं नाही."

चौकट त्याने वाकवून दिली. तिने ती हातात घेऊन चारी कोन तपासले आणि एक कोन बरोबर नाही म्हणून त्याला पुन्हा करायला लावला. रागात असली की ती जास्त नेटकी व्हायची.

फिल्मच्या दिवशी सकाळी ओहोटी होती. एका टेम्पोतून नवी रोपं आली होती, काठ्यांच्या मोळ्यांसह. कॅमेरावाला बांधावरून दोन्ही बाजू बघून आला आणि म्हणाला, "जुन्या काड्या फ्रेममध्ये नकोत. वाईट दिसतं." म्हणून जागा ठरली ती उरलेल्या पट्ट्याच्या मधोमध. तिथे शिंपल्या वेचणाऱ्या बायांना तेवढ्यापुरतं बाजूला व्हायला सांगितलं गेलं. त्या टोपल्या घेऊन बांधावर चढल्या आणि ओळीने उभ्या राहिल्या. ताई कधी आली कुणास ठाऊक. तीही तिथे एका दगडावर बसली होती, फडक्याचा पाय पुढे करून.

मॅडमनी मुलांच्या हातात एकेक रोप दिलं. "बाई आधी ते एक वाक्य बोलतील, मग तुम्ही सगळ्यांनी रोपं लावायची. हसत हसत हं!" प्रशिक्षक छत्री धरून कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. खारीबाईची आणि त्याची नजर भेटली. त्याने मान खाली घातली. तिला मॅडमचा इतका राग आला नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यावर काय रागवायचं? राग येतो तो माहीत असून छत्री धरणाऱ्याचा. आणि त्या रांगेत पहिला नंबर आपलाच आहे, हे तिला ठाऊक होतं.

"बाई, सुरू करा," कॅमेरावाला म्हणाला.

खारीबाई म्हणाली, "रोपं खाली ठेवा. आधी तास होईल."

ती पाठमोरी झाली आणि चौकट खांद्यावरून मागे फेकली. चौकट चिखलात चपकन बसली. मुलांना सांगावं लागलं नाही. वर्गात त्यांनी डस्टर आणि खडू मोजून सराव केला होता. चौघं वाकली आणि हाताने उकरून एकेक वर काढू लागली. शिंपल्या. आणखी शिंपल्या. शेपटीकडून धरलेला लांबलचक किडा, त्यावर किंचाळ्या. खेकड्याचं पिल्लू. गोगलगायी. एक निवटा, चिखलात उड्या मारणारा तो मासा, कॅमेरावाल्याच्या बुटावर येऊन बसला आणि सगळा वर्ग हसत सुटला. बांधावरच्या बायाही हसू लागल्या. एकीने ओरडून सांगितलं, "त्यालाही घ्या फिल्ममध्ये!"

"छान, छान," मॅडम म्हणाल्या. त्या खरोखरच खुशीत दिसत होत्या. "जैवविविधता! हे ठेवू आपण."

"आता तिकडे," खारीबाई म्हणाली आणि जाळं ओलांडून जुन्या काठ्यांच्या पट्ट्यात गेली. मुलं तिच्या मागे जपून पाय टाकत गेली. तिने पुन्हा पाठ फिरवून चौकट फेकली. मुलांनी उकरलं. काळा, कुजट वास आला. मोकळी कवचं निघाली, आत काळा गाळ भरलेली. एक बुंधा निघाला. बाकी काही नाही. मुलं वाट बघत राहिली, अजून काही निघेल म्हणून.

मागच्या वर्षी फोटोत अगदी पुढे उभी असलेली एक मुलगी चौकटीकडे बघत होती. तिची आई टोपली घेऊन बांधावर उभी होती. ती म्हणाली, "बाई, इथे पण तिकडच्यासारखंच होतं ना?"

"हो."

"मग आपण झाडं लावली कशाला?"

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. प्रशिक्षकाची छत्री हलली.

"फोटो काढायला," खारीबाई म्हणाली.

कुणीच हसलं नाही. मुलीने मान डोलावली, गणिताचं उत्तर बरोबर आल्यावर डोलवायची तशी, आणि तेच खारीबाईला लागलं.

"हे कापा," मॅडम कॅमेरावाल्याला म्हणाल्या, आणि चिखलातून तिच्याकडे आल्या. आवाज अजून गोडच होता, पण कडा कडक झाल्या होत्या. "बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? हे बाहेर गेलं तर पैसा बंद होईल. फक्त तुमच्या शाळेचा नाही, सगळ्या किनाऱ्याचा. शिक्षकांना शिकायला मिळावं म्हणून आम्ही जिवाचं रान करतो, आणि तुम्ही असे पांग फेडता?"

"पैसा बंद करा असं मी कुठे म्हटलं?" खारीबाईचा आवाज चढला, आणि एकदा चढला तो उतरला नाही. "मला शिकायचंय! इतकी वर्षं मी हेडसरांच्या दारात उभी राहिले ती शिकवा म्हणून. ही चौकट तुमच्याच पैशाने शिकले मी. एका तासात, गाड्या लावायच्या जागेत. त्या बाईंना तुम्ही एक तास दिलात आणि पडद्यांना तीन दिवस! त्या बाईंना इथे आणा. इथे, या चिखलात, ओहोटीला. आम्ही पदरचं खाऊन येऊ, जेवणही घालू नका. पण आम्ही शिकलो हे तुम्हाला झाडांच्या रांगेतच का दिसायला हवं? माझी मुलं काय मोजतात ते बघा ना. ते फोटोत येत नाही म्हणून ते नाहीच?"

"तुम्ही कृतघ्न आहात," मॅडम म्हणाल्या.

"कृतघ्न म्हणा. पण हा माझ्या गावाचा पट्टा रिकामा म्हणू नका." तिने बांधाकडे हात केला. "आणि म्हणायचंच असेल तर तिथे जाऊन म्हणा, त्या दगडावर बसलेल्या बाईला. तिचा पाय बघा आणि म्हणा."

मॅडमनी तिकडे बघितलं. ताईने तळवा थोडा वर उचलला, दुकानदार माल दाखवतो तसा. मॅडम तिकडे गेल्या नाहीत. त्यांनी मुलांनी खाली ठेवलेली रोपं गोळा करायला सांगितली, आणि सगळं पुन्हा टेम्पोत चढलं. प्रशिक्षक शेवटी चढला. एक पाय पायरीवर ठेवून त्याने मागे वळून चिखलाकडे बघितलं. मग त्याने छत्री मिटली आणि आत बसला.

हेडसर शाळेच्या मागच्या दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "सूक्ष्मदर्शक गेले, बाई," आणि दार लावून घेतलं. गेलेच होते. त्याचं तिला दुःख झालं नाही असं नाही. दिव्याची ती सहा यंत्रं टेबलावरून एकेक करून उचलली जाताना तिने स्पष्ट बघितली, आणि त्या दुःखाचाही तिला रागच आला.

पाणी परतायला अजून थोडा अवकाश होता. तिने बाही वर सारली आणि जुन्या पट्ट्यात वाकून पहिला बुंधा ओढला. तो आला नाही. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा कवचांनी तळहात कापला आणि बुंधा चिखलाचा आवाज करत वर आला. मुलंही काठ्या हलवू लागली. बांधावरच्या बाया टोपल्या ठेवून उतरल्या.

"सरळ ओढू नकोस, मोडेल!" ताई दगडावरून ओरडली. "आधी हलव. हलवून सैल कर. एवढं शिकलीस आणि काठी काढता येईना?"

"तू बोलूच नकोस! खणताना कुठे होती अक्कल?"

"मजुरीत अक्कल धरली नव्हती!"

बाया हसल्या. खारीबाई हसली नाही. तिने हलवून, सैल करून पुढचा बुंधा काढला आणि ढिगावर टाकला.

तेवढ्यात ती मघाची मुलगी बांधावरून पळत आली. "बाई, टेम्पो शहराकडे नाही वळला. पलीकडच्या गावाला गेला. रोपं घेऊन."

पलीकडच्या गावच्या शाळेमागेही असाच पट्टा होता. हॉटेलात शेजारी बसून हसलेली ती बाई तिथे शिकवायची. तिच्या शाळेतही एक कपाट असणार, आणि त्याला लाथ कुठे घालायची ते तिलाही ठाऊक असणार. नवे सूक्ष्मदर्शक तिलाही हवे असणार, आणि तिला ते हवे का असू नयेत? खारीबाईने हातातला बुंधा टाकला. चिखलातून चौकट उचलली, दगडाजवळ काढून ठेवलेले सँडल उचलले.

"कुठे निघालीस?" ताईने विचारलं.

"पलीकडे."

"तशीच? चिखलाच्या पायांनी?"

"तशीच."

"ती ऐकणार नाही तुझं. तू ऐकलं होतंस का कुणाचं?"

"नव्हतं ऐकलं," खारीबाई म्हणाली. "पण मला कुणी येऊन सांगितलंही नव्हतं."

ताईने तिच्या रक्ताळलेल्या तळहाताकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाच्या फडक्याकडे. वरची एक घडी सोडून तिने दातांनी फाडली आणि पुढे केली. खारीबाईने ती हाताला गुंडाळली, चौकट खांद्याला अडकवली आणि बांधाच्या रस्त्याला लागली. टेम्पोच्या चाकांच्या ओल्या खुणा पुढे पुढे जात होत्या, आणि ती त्यांच्यावर पाय देत भराभर चालत होती.